नकाशावरून पुसलेली दोन गावे

जपानला जाण्याची संधी मिळालेले आपले धम्मबांधव बहुधा तोक्योचे सेन्सोजी मंदिर, नाराची भव्य बुद्धमूर्ती आणि कामाकुराची उघड्या आभाळाखालची अमिताभ बुद्धमूर्ती पाहून परततात. ते सारे पाहण्यासारखेच आहे, आम्हीही पाहिले. पण या लेखात आम्ही वाचकांना अशा ठिकाणी नेणार आहोत, जिथे पाहण्यासारखे म्हणावे असे फार थोडे उरले आहे. एक नगर, जे आता नगर राहिलेले नाही. आणि त्याच्या शेजारी एक गाव, ज्याच्या जागी बोरूचे रान माजले आहे. नगराचे नाव फुजिओका, गावाचे नाव यानाका. दोन्ही तोचिगी प्रांतातली. दोन्ही विलीनीकरणाने नाहीशी झाली. पण दोघांच्या नाहीसे होण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक आपल्या समाजाने समजून घेण्यासारखा आहे.

तोक्योहून फुजिओकाकडे

सेन्सोजीचे दर्शन घेऊन बाहेर पडले की आसाकुसा स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. तिथून तोबू कंपनीची गाडी उत्तरेकडे निघते. मध्ये गाडी बदलावी लागते. तोक्योची दाट वस्ती मागे पडते, भातखाचरे सुरू होतात आणि मग तोने नदीचे रुंद पात्र लागते. पुलानंतर काही वेळातच याग्यू हे छोटे स्टेशन येते. त्याच्या पुढे इताकुरा आणि मग फुजिओका.

आम्ही याग्यूला उतरलो. स्टेशनपासून थोडे चालल्यावर शेतांच्या मधोमध एक जागा आहे, जिथे तोचिगी, गुन्मा आणि साइतामा या तीन प्रांतांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. सीमा असते ती नदीत किंवा डोंगराच्या माथ्यावर. इथे ती सपाट जमिनीवर आहे, कारण पूर्वी इथून वाहणाऱ्या नदीचा प्रवाह सरकारने दुसरीकडे वळवला. लोक हौसेने तिथे उभे राहून तीन प्रांतांत एकदम पाय ठेवतात. आमच्या मुलांनीही ठेवले.

२०१० पर्यंत या बिंदूवर तीन नगरे मिळत होती : फुजिओका, किताकावाबे आणि इताकुरा. २३ मार्च २०१० रोजी किताकावाबे काझो शहरात गेले. लगेच सहा दिवसांनी, २९ मार्च २०१० रोजी, फुजिओका, ओहिरा आणि त्सुगा ही तीन नगरे आणि जुने तोचिगी शहर मिळून नवे तोचिगी शहर झाले. आज तिघांपैकी एकटे इताकुरा नगर म्हणून उरले आहे.

नगरे का विरघळली?

जपानमध्ये शहराला शी, नगराला माची आणि गावाला मुरा म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आणि स्वतःची सभा असते. ही गावे एकत्र करण्याची लाट त्या देशात तीनदा आली. पहिली मेइजी काळात. १८८८ मध्ये ७१,३१४ गावे-नगरे होती, ती १८८९ मध्ये १५,८५९ वर आणली गेली. दुसरी महायुद्धानंतर. १९५३ मध्ये ९,८६८ होती, ती १९६१ पर्यंत ३,४७२ झाली. तिसरी लाट आताची. १९९९ मध्ये ३,२३२ असलेली संख्या मार्च २०१० अखेर १,७२७ वर आली.

या तिसऱ्या लाटेमागची कारणे कोणालाही समजतील अशी आहेत. जन्मदर घटला, म्हाताऱ्यांची संख्या वाढली, तरुण शहरात गेले. करवसुली कमी आणि दवाखाना, शाळा, पाणी यांचा खर्च तेवढाच. एकत्र येणाऱ्यांना केंद्र सरकारने कर्जाच्या खास सवलती देऊ केल्या. कायद्याने मात्र एक अट ठेवली आहे : प्रत्येक गावाच्या, प्रत्येक नगराच्या निवडून आलेल्या सभेने ठराव केल्याशिवाय विलीनीकरण नाही. फुजिओका या मार्गाने गेले. नगराचे प्रशासन संपले, तरी पत्त्यात आजही 'तोचिगी शहर, फुजिओका-माची' असे लिहिले जाते. स्टेशनचे नाव फुजिओकाच आहे. दुःख झालेच नसेल असे नाही. पण लोकांना विचारले गेले होते.

याच फुजिओकामध्ये त्याच्या १०४ वर्षे आधी एक गाव मिसळले गेले. त्याला विचारले तेव्हा ते नाही म्हणाले होते. तरीही मिसळले गेले. आता त्याची हकीगत.

नदीत आलेले तांबे

फुजिओकाजवळून वाहणारी वातारासे नदी वरच्या डोंगरात, आशिओ येथे उगम पावते. आशिओला तांब्याची जुनी खाण होती. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या उद्योजकाने ती घेतली. पुढच्या काही वर्षांत मोठे साठे सापडले आणि आशिओ देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. जपानला तेव्हा घाईघाईने पाश्चात्त्य राष्ट्रांच्या पंक्तीला बसायचे होते. तांबे विकून परकी चलन मिळत होते. सरकार खाणीवर खूष होते.

पण भट्ट्यांच्या धुराने वरचे डोंगर बोडके झाले. मात्सुकी नावाचे गाव या धुराने इतके उद्ध्वस्त झाले की १९०२ च्या सुमारास ते रिकामेच झाले. झाडे गेल्यामुळे डोंगरावरची माती धुऊन येऊ लागली. नदी उथळ झाली, पूर वाढले, आणि प्रत्येक पुराबरोबर खाणीचा विषारी गाळ खालच्या शेतांत पसरू लागला. आधी मासे मेले. १८९० च्या मोठ्या पुरानंतर भात उगवेनासा झाला. ज्या नदीच्या गाळाने शेते सुपीक होत होती, त्याच नदीने ती मारली.

याविरुद्ध एक माणूस उभा राहिला. त्याचे नाव तानाका शोझो.

पिशवीतली राज्यघटना

तानाका शोझो यांचा जन्म १८४१ चा, आजच्या सानो शहरातील कोनाका गावचा. घराणे गावच्या पाटीलकीचे. १८९० मध्ये जपानची पहिली लोकसभा निवडली गेली, तेव्हा ते निवडून आले. १८९१ मध्ये त्यांनी सभागृहात सरकारला जाब विचारला. नुसती दयेची याचना केली नाही. देशाला नुकतीच मिळालेली राज्यघटना हातात घेऊन त्यातील २७ व्या कलमावर बोट ठेवले : प्रजाजनांच्या मालमत्तेच्या हक्काला धक्का लागणार नाही, असे घटना म्हणते, मग खाणीच्या विषाने शेतकऱ्यांची शेते नष्ट होत असताना सरकार गप्प का? तेव्हाचे शेती व व्यापार मंत्री मुत्सू मुनेमित्सू यांचा मुलगा फुरुकावांनी दत्तक घेतलेला होता. उत्तर काय मिळाले असेल, हे वाचकांनीच ओळखावे.

शेतकऱ्यांनी मोर्चे काढले. या चळवळीचे मुख्य ठाणे होते उन्र्यूजी हे झेन पंथाचे बौद्ध मंदिर. ते शेजारच्या गुन्मा प्रांतात, वातारासेच्या काठी आहे. भिक्खूंच्या निवासाच्या जागेत शेतकऱ्यांच्या बैठका होत आणि तिथूनच लोक तोक्योकडे पायी निघत. १३ फेब्रुवारी १९०० रोजी असाच हजारोंचा मोर्चा तोने नदीच्या काठी कावामाता येथे पोलिसांनी अडवला. मारहाण झाली, धरपकड झाली. धम्मस्थान हे दुःखी माणसाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आहे, हे उन्र्यूजीने दाखवून दिले. आपल्या विहारांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी असे आम्हाला वाटले.

१९०१ मध्ये तानाकांनी लोकसभेचा राजीनामा दिला. १० डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी सम्राटाच्या बग्गीसमोर धाव घेऊन अर्ज देण्याचा प्रयत्न केला. अर्जाचा मसुदा कोतोकू शूसुई या पत्रकाराने लिहिला होता. अर्ज पोचला नाही. एका म्हाताऱ्याला वेड लागले म्हणून सरकारने त्यांना सोडून दिले. साठीचा तो माणूस घरी गेला नाही. १९०४ मध्ये तो यानाका गावी राहायला आला.

गावाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार

यानाका हे वातारासे, ओमोई आणि उझुमा या नद्यांच्या संगमाजवळचे गाव. १८८९ च्या लाटेत तीन लहान गावे जोडून ते झाले होते. अडीच हजारांवर लोकवस्ती. पुराचे दिवस सोडले तर जमीन सोन्यासारखी.

सरकारने तोडगा काढला तो खाण बंद करण्याचा नव्हे. पुराचे पाणी अडवून ठेवण्यासाठी एक मोठा खोलगट साठा करायचा, आणि त्यासाठी यानाका गाव उठवायचे. पूर आवरणे वाईट नाही. पण विष जिथून येते तिथे हात न लावता, विषाचे पाणी साठवायला गरिबांचे गाव निवडायचे, असा तो न्याय होता. डिसेंबर १९०४ मध्ये तोचिगीच्या प्रांतिक सभेने गुप्त बैठकीत गाव विकत घेण्याचा निर्णय केला. फुटलेले बांध नीट दुरुस्त केले नाहीत. लोक कंटाळून, कर्जाने वाकून, मिळेल त्या भावाने जमीन देऊन जाऊ लागले.

१९०६ च्या एप्रिलमध्ये गावाच्या सभेपुढे फुजिओका नगरात विलीन होण्याचा प्रस्ताव आला. सभेने तो फेटाळला. प्रांताने तरीही जाहीर केले की १ जुलै १९०६ पासून यानाका गाव फुजिओकात विलीन झाले. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते हारा ताकाशी. आदल्याच वर्षी ते फुरुकावांच्या खाण कंपनीचे उपाध्यक्ष होते.

एका कागदाने गावाची सभा गेली, गावाचे नाव गेले. गावच नाही म्हटल्यावर 'नाही' म्हणायला कोण उरले? विलीनीकरणाची खरी किमया इथे होती. घरे पाडायच्या आधी सरकारने दाद मागण्याची जागाच पाडली.

तरी १६ कुटुंबे हलली नाहीत. २९ जून ते ५ जुलै १९०७ या सात दिवसांत पोलीस आणि मजूर येऊन त्यांची घरे एकेक करून पाडून गेले. पावसाचे दिवस होते. लोक त्याच जागी झोपड्या करून राहिले. कोणी दहा वर्षे राहिले. त्याच साली आराहाता कान्सोन या जेमतेम विशीतल्या तरुणाने यानाकाच्या विनाशाचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. १९११ मध्ये या भागातली काही कुटुंबे उत्तरेला होक्काइदोच्या थंडीत, सारोमा येथे पाठवण्यात आली. त्यांनी नव्या वस्तीला नाव दिले तोचिगी.

तानाका शोझो ४ सप्टेंबर १९१३ रोजी वारले. घर नाही, जमीन नाही. जवळ एक कापडी पिशवी होती. तीत निघाले बायबलचा नवा करार, राज्यघटना, रोजनिशा, एक अपुरे लिखाण आणि नदीकाठचे काही गोटे. शेवटच्या वर्षांत त्यांनी रोजनिशीत लिहिले होते, त्याचा आशय असा की जी सुधारणा डोंगर, नद्या आणि गावे उजाड करते, माणसे मारते, ती खरी सुधारणा नव्हे.

आज तिथे काय आहे?

याग्यूहून आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन बांधावर चढलो आणि समोर बोरूचे रान पसरले. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचा हा पूरसाठा चार प्रांतांत पसरला आहे. १९१८ मध्ये फुजिओकाची उंच जमीन कापून वातारासे नदी त्यात सोडली गेली. आज इथे शेकडो जातीचे पक्षी आहेत. २०१२ मध्ये रामसर करारानुसार जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत याची नोंद झाली. २०२० मध्ये इथे करकोच्यांची पिल्लेही जन्मली. दरवर्षी मार्चमध्ये वाळलेले बोरू पेटवतात, म्हणजे नवे जोमाने फुटतात. त्या बोरूंचे पडदे विणण्याचा धंदा या भागात जुना आहे.

दक्षिणेला एक मोठा तलाव आहे, तोक्यो परिसराला पाणी देणारा. १९९० च्या सुमारास तो पुरा झाला. नकाशावर पाहिला तर त्याचा आकार हृदयासारखा दिसतो. बाहेरगावची जोडपी या आकारावर खूष होऊन फोटो काढतात. पण हा आकार कोणा चित्रकाराने काढलेला नाही. तलाव खणताना यानाकाच्या अवशेषांवरूनच यंत्रे जाणार होती. तेव्हा, १९७० नंतरच्या वर्षांत, गावाचे वंशज आणि त्यांचे साथी आडवे आले. त्यांच्या विरोधामुळे तलावाला तेवढी जागा वगळून वळावे लागले. हृदयाच्या वरच्या बाजूला जी खाच दिसते, तिथे जुने यानाका आहे.

त्या जागेत आम्ही हळूहळू फिरलो. पुराच्या भीतीने पूर्वी घरे मातीच्या उंच टेकाडांवर बांधत. ती टेकाडे झाडीत अजून आहेत, आणि कोणाचे घर कुठे होते त्याच्या पाट्या आहेत. गावच्या देवळाची जागा आहे. एन्मेईइन या बौद्ध मंदिराची जागा आणि स्मशान आहे. एन्मेई म्हणजे आयुष्य वाढवणे. मंदिर गेले, झिजलेले दगड उभे आहेत, आणि वंशज अजून तिथे येऊन फुले ठेवतात. आम्ही त्या दगडांसमोर उभे राहून त्रिशरण आणि पंचशील म्हटले. भाषा आमची वेगळी, पंथ वेगळा. पण बुद्धं सरणं गच्छामि म्हणायला तिथे परकेपणा वाटला नाही.

फुजिओकात यानाकाच्या मृतांचे एकत्रित स्मारक आहे, आणि यानाकाच्या लोकांनी तानाकांच्या अस्थी ठेवून उभारलेले एक लहानसे पूजास्थानही आहे. ज्या नगरात आपल्याला बळाने मिसळले त्याच नगरात या लोकांनी आपली आठवण रोवली. आशिओची खाण १९७३ मध्ये बंद झाली. १९७४ मध्ये कंपनीने गुन्मा प्रांतातील शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई देण्याचे मान्य केले. २००६ मध्ये आशिओ नगरही निक्को शहरात विलीन झाले. आणि मे २०१४ मध्ये तेव्हाचे सम्राट आकिहितो यांनी सानोला येऊन तो १९०१ चा अर्ज पाहिला. पणजोबांसाठी लिहिलेला अर्ज पणतूने वाचला. मध्ये ११३ वर्षे गेली.

आपण यातून काय घ्यावे?

गावाबद्दल हळवे होण्याची सवय आपल्या समाजाला नाही, आणि नसावीही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावगाड्याचे खरे रूप स्पष्ट शब्दांत मांडले आहे. गाव म्हणजे सर्व चांगले, असे आम्ही मानत नाही. म्हणून फुजिओका विरघळले याचे आम्हाला फार वाईट वाटले नाही. दवाखाना आणि शाळा चालणार असतील तर चार नगरांनी एकत्र यावे.

पण यानाकाचा प्रश्न गावाचा नाही, नागरिकांचा आहे. १८९० च्या जपानमध्ये १५ येन कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते. लोकसंख्येत ते शेकडा एकच्या आसपास. घटना सम्राटाने प्रजेला बहाल केलेली होती. तानाकांनी तीच घटना हाती धरून न्याय मागितला आणि ती अपुरी पडली. ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या जपानच्या नव्या घटनेत सार्वभौमत्व जनतेचे आहे आणि स्थानिक स्वराज्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. १९०६ चे यानाका आणि २०१० चे फुजिओका यांच्यामध्ये जो फरक आहे, तो या घटनेचा आहे. घटनेने लोक चांगले झाले असे नाही, पण त्यांना विचारणे भाग पडले. एक मत, एक मूल्य यासाठी बाबासाहेब का झिजले, हे या बोरूच्या रानात उभे राहिल्यावर आम्हाला पुन्हा एकदा कळले.

दुसरी गोष्ट नावाची. नामांतरासाठी ज्या समाजाने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झळ सोसली, त्याला नावाचे मोल सांगायला नको. यानाका नकाशावरून पुसले गेले, पण त्या तलावाला लोक आज यानाका तलाव म्हणतात. हे आपोआप घडले नाही. शिमादा सोझो हा यानाकाचा मुलगा तानाकांच्या बरोबर राहिला आणि त्याने ऐकलेले-पाहिलेले सारे पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवले. वंशज यंत्रांसमोर बसले. घरांच्या पाट्या लावल्या.

आपल्याही किती वस्त्या धरणात गेल्या, रस्त्यात गेल्या, महानगरपालिकेच्या हद्दीत मिसळून गेल्या. तिथले पहिले विहार कोणत्या साली उभे राहिले, जागा कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या, १९५६ ला नागपूरला कोण कोण गेले होते, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. या सुट्टीत मुलांनी एक वही घ्यावी आणि आजी-आजोबांजवळ बसावे. वस्तीचे नाव, घरांची नावे, विहिरीची जागा, सारे तारखेसह लिहून घ्यावे. वहीची एक प्रत विहारात ठेवावी.

जयभीम.